काकूंच्या ओट्यावरची उमेदवारी

दोस्तांनो, वार्षिक परीक्षा संपत आल्या की माझ्याकडे दोन तऱ्हेचे प्रश्न येऊ लागतात. मुलं विचारतात, "बाई, सुट्टीत काय करू?" आणि त्यांचे आईबाबा विचारतात, "बाई, सुट्टीत याला कुठे अडकवू?" प्रश्न एकच, फक्त दोन बाजूंनी विचारलेला! शिबिरं असतात, पोहण्याचे वर्ग असतात, मामाचं गाव तर असतंच. पण आज मी तुम्हाला एक जुनीच गोष्ट नव्यानं सुचवणार आहे. तिचं नाव उमेदवारी.

हसू नका हं! उमेदवारी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर निवडणूक, गुलाल आणि रिक्षावरचा कर्णा येत असेल. पण आपल्या आजोबांच्या वेळी "मुलगा सोनाराकडे उमेदवारी करतो" असं सहज म्हणत. उमेद म्हणजे आशा. जो उमेद धरून एखाद्याच्या हाताखाली काम शिकतो, तो उमेदवार. कारखान्यात शिकणाऱ्या मुलांना अजूनही 'शिकाऊ उमेदवार' म्हणतात. त्यांच्यासाठी १९६१ सालचा खास कायदाही आहे. सरकारी कागदात हिलाच 'आंतरवासिता' असा भारदस्त शब्द आहे आणि कॉलेजातली ताई-दादा मंडळी तिला 'इंटर्नशिप' म्हणतात. आम्ही डी.एड. करत होतो तेव्हा आम्हालाही खऱ्या शाळेत जाऊन, खऱ्या मुलांसमोर उभं राहून शिकवायला लागायचं. पुस्तकात 'विद्यार्थ्याचे लक्ष वेधून घ्यावे' असं एका ओळीत लिहिलेलं असतं. दुसरीच्या वर्गात दुपारी साडेतीन वाजता ते वेधून दाखवा म्हणजे कळेल!

तर, अशी उमेदवारी विकण्याच्या कलेतही करता येते. मोठ्या शब्दांत तिला 'विपणन' किंवा 'पणन' म्हणतात, बोलताना सगळेच 'मार्केटिंग' म्हणतात. आणि बहुतेक मुलांना वाटतं, मार्केटिंग म्हणजे छान छान जाहिरात करणं. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीलाही तसंच वाटत होतं.

ती चौथीत माझ्या वर्गात होती. बोलण्यात पटाईत, अक्षर मोत्यासारखं, चित्रकला उत्तम. शाळेच्या आनंदबाजारात तिची भेळ सगळ्यांत आधी संपायची. २०२५ च्या मार्चमध्ये तिची दहावीची परीक्षा संपली आणि ती मला भेटायला आली. म्हणाली, "बाई, मला पुढे मार्केटिंग शिकायचंय. आता दोन-अडीच महिने मोकळे आहेत. कुठे शिकू?" मी तिला कुठल्याही क्लासचा पत्ता दिला नाही. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक काकू उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला करून विकतात, त्यांच्याकडे घेऊन गेले.

आमचा सातारा जिल्हा. इथे एप्रिल-मे म्हणजे चटणीचे महिने. (आमच्याकडे या मसाल्याला चटणीच म्हणतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी खोबऱ्याची हिरवी चटणी डोळ्यांसमोर आणू नये!) गच्चीगच्चीवर लाल मिरच्या वाळत पडलेल्या असतात, कांडपाच्या गिरणीसमोर डबे घेऊन बायका रांगेत असतात आणि सगळा गाव शिंकत असतो. काकू गेली कित्येक वर्षं हा धंदा घरच्या घरी करतात. मदतीला एक मावशी येतात. दुकान नाही. घराचा ओटा हेच दुकान.

काकूंनी तिला नखशिखान्त बघितलं आणि म्हणाल्या, "ये की. पण पहिला आठवडा तू काही विकायचं नाहीस. ओट्यावर बसायचं आणि येणारा माणूस काय विचारतो ते या वहीत लिहायचं. बास."

बाईसाहेबांचा चेहरा पडला. दोन दिवसांनी माझ्याकडे तक्रार आली. "बाई, मी तिथे नुसती कारकुनी करतेय. माझ्या डोक्यात केवढ्या कल्पना आहेत!" मी म्हटलं, "आठवडा तर होऊ दे."

आठवडा झाला. वहीत ३१ जणांची नोंद होती. १७ जणांनी विचारलं होतं, "तिखट किती आहे?" ६ जणांनी भाव विचारला. ४ जणांनी विचारलं, "मिरची यंदाचीच ना?" उरलेल्या चौघींनी मसाल्याबद्दल काहीच विचारलं नव्हतं, त्या काकूंच्या भाचीच्या लग्नाचं विचारून गेल्या होत्या. पण जाताना अर्धा-अर्धा किलो घेऊन गेल्या, हेही वहीत होतं.

आता गंमत बघा. या मुलीनं घरी बसून पाकिटासाठी जी चिठ्ठी रंगवून ठेवली होती, तिच्यावर डोंगर होता, सूर्य होता, नऊवारीतली बाई होती, 'आजीच्या हातची चव' असं वळणदार अक्षरात होतं. फक्त एक गोष्ट नव्हती. मसाला किती तिखट, ते कुठेच नव्हतं! आणि येणाऱ्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त लोक तेवढंच विचारत होते.

मग तिनं काकूंना विचारलं, तिखटपणा कमी-जास्त कसा होतो? काकूंनी तिला दोन मिरच्या दाखवल्या. एक सुरकुतलेली, गडद लाल. ती ब्यादगी, कर्नाटकातल्या ब्याडगी गावच्या नावाची. रंग भरपूर देते पण तिखट कमी. दुसरी लांब, सडपातळ. ती संकेश्वरी, बेळगावकडच्या संकेश्वरची. ही खरी झणझणीत. दोन्हींचं प्रमाण बदललं की मसाल्याचा स्वभाव बदलतो. काकू ते वर्षानुवर्षं करतच होत्या, पण कुणाला काय लागतं ते सगळं त्यांच्या डोक्यात होतं. मुलीनं चिठ्ठीवर छोट्या लाल मिरच्या काढल्या. एक मिरची म्हणजे सौम्य, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे पाण्याचा तांब्या जवळ ठेवून जेवा! डोंगर आणि सूर्य गेले. नऊवारीतली बाई मात्र तिनं हट्टानं ठेवली. असू दे, मलाही ती आवडली होती.

गिऱ्हाइकाच्या मनात जो प्रश्न असतो तो ओळखणं किती अवघड असतं, याची एक मोठी गोष्ट आमच्याच भागातली आहे. तुम्ही कोल्हापूर-पुणे रेल्वेनं जाताना सांगली जिल्ह्यात 'किर्लोस्करवाडी' असं स्टेशन लागतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजेसाहेबांच्या मदतीनं १९१० साली तिथे कारखाना उभारला. त्याआधी बेळगावात असतानाच त्यांनी लोखंडी नांगर बनवला होता. नांगर उत्तम होता. लाकडी नांगरापेक्षा खोल जाणारा, टिकाऊ. पण विकला जाईना! पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. का? तर लोखंडामुळे जमिनीत विष उतरेल, अशी शेतकऱ्यांना भीती वाटत होती. म्हणजे बघा, 'आमचा नांगर मजबूत आहे' असं कितीही ओरडून सांगून उपयोग काय? शेतकऱ्याच्या मनातला प्रश्न मजबुतीचा नव्हताच. 'माझ्या जमिनीचं काय होईल?' हा होता. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक सुरू केलं. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायची, अशी त्याची सुरुवात होती. नंतर त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि ते मराठी घराघरांत वाचलं गेलं. तुमच्या पणजोबांच्या ट्रंकेत एखादा जुना अंक सापडला तर जपून ठेवा बरं का!

असो. आपण ओट्यावर परत येऊ. कारण दुसऱ्या आठवड्यात काकूंनी तिला हिशेबाची वही दिली.

तिनं पाच किलोच्या एका घाण्याचा खर्च मांडला. मिरची ६०० रुपये, कांदा-लसूण २५०, खोबरं, तीळ आणि धणे ४००, खडा मसाला ३५०, तेल-मीठ १५०, कांडप १५०, गॅस १००, पाकिटं नि चिठ्ठ्या १००. बेरीज करा बघू! २१०० रुपये. म्हणजे किलोला ४२०. काकू विकत होत्या ५६० ला. किलोमागे १४० रुपये नफा! ती खूश झाली. "काकू, तेहेतीस टक्के नफा आहे तुम्हाला!"

(सातवी-आठवीतल्या मुलांसाठी थांबते. १४० रुपये हे ४२० च्या ३३ टक्के आहेत, पण विक्रीच्या ५६० रुपयांच्या २५ टक्केच आहेत. नफा शेकडा किती, असं कुणी सांगितलं की आधी विचारायचं, 'कशावर?' शाळेतल्या गणितात आपण खरेदीवर काढतो. दुकानदार पुष्कळदा विक्रीवर काढतात.)

काकू म्हणाल्या, "आणि मावशींचे पैसे कोण देणार? तू?"

एका घाण्याला दोन दिवस लागतात. मिरचीची देठं काढायची, कांदा चिरून वाळवायचा, खोबरं किसून भाजायचं. मावशींची मजुरी दिवसाला ३०० रुपये, म्हणजे ६०० रुपये. किलोला १२० झाले. १४० मधले १२० गेले, उरले २०. पाच किलोला शंभर रुपये! आणि त्यात काकूंची स्वतःची दोन दिवसांची मेहनत कुठेच धरलेली नव्हती.

मुलीचं म्हणणं होतं की बाजारपेठेतल्या दुकानात माल ठेवावा, म्हणजे खप वाढेल. दुकानदार विक्रीच्या किमतीवर २० टक्के मागत होता. तिनंच आकडे मांडले. ५६० चे २० टक्के ११२. हातात येणार ४४८. खर्च ४२० अधिक १२०, म्हणजे ५४०. किलोमागे ९२ रुपये तोटा! जितका खप जास्त, तितकं नुकसान जास्त. ती म्हणाली, "काकू, म्हणून तुम्ही दुकानात देत नाही होय!" काकूंनी हे गणित कागदावर कधीच मांडलेलं नव्हतं. त्यांना ते नुसतं माहीत होतं.

मग दोघींनी बसून किलोचा भाव ६०० केला आणि १०० ग्रॅमची छोटी पुडी ६५ रुपयांना काढली. छोट्या पुडीचा भाव किलोच्या हिशेबानं जास्त पडतो, हे हुशार वाचकांच्या लक्षात आलं असेल. पण नवखा माणूस एकदम किलोभर घेत नाही. चव बघायला शंभर ग्रॅम नेतो. पुण्यात वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना तर तेवढंच हवं असतं. ४० रुपये भाव वाढला म्हणून तीन जुनी गिऱ्हाइकं कुरकुरली, त्यातलं एक परत आलं नाही. हे होतंच. भाव वाढवला आणि कुणीच बोललं नाही, असं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते.

मे महिन्यात काकूंनी तिला फोनवरच्या जाहिरातीचं काम दिलं. काकूंच्या व्हॉट्सॲपवर गावातली, पुण्या-मुंबईला गेलेली पुष्कळ मंडळी होती. मुलीनं झकास चित्र बनवलं. लालभडक मसाल्याचा ढीग, वर तीन मिरच्या, आणि खाली ठळक अक्षरात ओळ:

'तिखट खा बिनधास्त, पित्ताचा होईल अस्त!'

काकू घाण्यात गुंतल्या होत्या. "छान दिसतंय गं," म्हणाल्या आणि कामाला लागल्या. चित्र स्टेटसला लागलं. संध्याकाळपर्यंत नऊ जणांनी मसाला सांगितला. मुलीला आकाश ठेंगणं झालं.

रात्री आठच्या सुमाराला एका आजोबांचा फोन आला. काकूंचे हात मिरचीचे होते, म्हणून तिनंच फोन उचलून मोठ्या आवाजावर ठेवला. आजोबा म्हणाले, "ताई, माझं पोटाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी तिखट बंद केलंय. सहा महिने झाले, तोंडाला चव म्हणून नाही. तुमच्या मसाल्यानं पित्त होत नाही असं वाचलं. माझ्यासाठी पाव किलो ठेवा."

काकूंनी हात धुतले. आजोबांना म्हणाल्या, "दादा, उद्या फोन करते." आणि मग हिच्याकडे वळल्या.

"हे पित्ताचं कुणी लिहिलं?"

"मी."

"तुला कुठून कळलं?"

"कळलं नाही... यमक जुळत होतं, काकू."

काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "यमक तुझं, पण पोट आजोबांचं गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांना फोन तिलाच करायला लागला. "आजोबा, मी लिहिलेलं खरं नव्हतं. मसाला तिखटच आहे. तुम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका." पंधरा वर्षांच्या मुलीला हे बोलणं किती जड गेलं असेल, विचार करा. फोन हातात घेऊन ती अर्धा तास बसून होती, असं मावशींनी मला सांगितलं. आणि काम तिथे संपलं नाही. काकूंनी स्टेटसला नवीन मजकूर टाकायला सांगितला: 'काल पित्ताबद्दल लिहिलेले चुकीचे होते. ज्यांनी त्यासाठी मसाला सांगितला असेल त्यांनी कळवावे.' ती म्हणाली, "काकू, लोक हसतील." काकू म्हणाल्या, "हसू देत." नऊपैकी दोघांनी मसाला नको म्हणून कळवलं. आजोबांचा पाव किलो तर गेलाच होता.

मुलगी घरी जाऊन बसली. दोन दिवस आली नाही. तिचे बाबा मला रस्त्यात भेटले. म्हणाले, "बाई, एवढ्याशा ओळीसाठी एवढं कशाला? मोठमोठ्या कंपन्या काय काय दाखवतात टीव्हीवर!" त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, मुलं ते बघूनच शिकतात. पण मला काकूंचंच पटलं, आणि मी त्यांना तसं सांगितलं. खाण्याच्या वस्तूबद्दल दिशाभूल करणारी जाहिरात करणं हा २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गुन्हा आहे, दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. काकूंना हे कलम माहीत असेल असं मला वाटत नाही. त्यांच्यापुढे सहा महिने बेचव जेवणारे एक आजोबा होते, तेवढं त्यांना पुरलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. वळीव! काकूंच्या गच्चीवर आठ किलो मिरची आणि चिरलेला कांदा वाळत पडला होता. गल्लीतली सगळी माणसं धावली, मीही धावले. गच्चीवर पोचले तर ही आधीच तिथे होती आणि ओढणी कमरेला खोचून मिरच्या पोत्यात भरत होती. कुणी कुणाला काही बोललं नाही. पाऊस थांबल्यावर काकूंनी सगळ्यांना चहा केला आणि हिला म्हणाल्या, "उद्या लवकर ये. मुंबईचं पार्सल आहे."

दोस्तांनो, 'लिज्जत' पापड तुम्ही खाल्ले असतीलच. १९५९ सालच्या १५ मार्चला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन ते सुरू केले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगले आणि एक जरा कमी प्रतीचे, स्वस्तात विकायला. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल करमशी पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, त्यांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. हिशेबही चोख ठेवायला लावला. हाताशी ८० रुपये असताना, आणि तेही उसने, हलका माल विकायचा नाही असं ठरवणं सोपं नसणार. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

आता थोडं पालकांशी बोलते. मुलांनो, हा परिच्छेद आईबाबांना वाचायला द्या.

मुलाला कुणाकडे शिकायला पाठवताना वयाचं भान ठेवा. बालकामगारांबद्दलचा १९८६ चा कायदा २०१६ साली अधिक कडक झाला. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात, धोक्याचं नसलेलं काम करून मदत करणं एवढी सवलत कुटुंबाला आहे. १४ ते १८ वयाच्या मुलांनाही धोक्याच्या कामाला लावता येत नाही. आमच्या मुलीला काकूंनी कांडपाच्या यंत्राजवळ एकदाही उभं केलं नाही, आणि दुपारी जेवायच्या वेळेला ती घरी असायची. शिकणं आणि फुकट राबणं यांतला फरक तुम्हीच जाऊन बघायचा असतो. आठवड्यातून एकदा तरी डोकावून या. लहान मुलांसाठी शाळेतूनच सोय व्हावी असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे. सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा गावातल्या जाणकारांकडे शिकायचं. कल्पना आपल्याला नवी नाही. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला 'नई तालीम' मांडली ती हातांना काम देऊनच. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला तोही याच वाटेनं. 'दहा दिवसांत अभ्यास बुडेल' असं म्हणणाऱ्या पालकांना मी वरचं पाच किलोच्या घाण्याचं गणित सोडवायला देते.

आणि मुलांनो, उमेदवारी मागायला जाताना 'मला मार्केटिंग शिकवा' असं म्हणू नका. समोरचा गोंधळून जाईल. 'मला तुमच्याकडे पंधरा दिवस बसून बघायचंय, जमेल तशी मदत करेन' असं म्हणा. फुलवाले, सायकल दुरुस्त करणारे, शिवणकाम करणाऱ्या ताई, रोपवाटिकावाले, कुणीही चालेल. सकाळी पहिलं गिऱ्हाईक येतं तेव्हा हजर राहा. त्या पहिल्या विक्रीला 'भवानी' म्हणतात, आणि ती होईपर्यंत दुकानदाराचा चेहरा कसा असतो ते बघण्यासारखं असतं. उधारी कुणाला मिळते नि कुणाला नाही, घासाघीस करणाऱ्याला 'नाही' कसं म्हणतात, फोनवरून पैसे आल्याची खात्री कशी करतात, हे सगळं बघा. आणि वही विसरू नका.

आमच्या मुलीला काय मिळालं, असं विचाराल. काकूंनी तिला शेवटी १५०० रुपये आणि किलोभर मसाला दिला, दोन मिरच्यांचा. दहावीचा निकाल लागला, अकरावीला तिनं वाणिज्य शाखा घेतली. स्टेटसचं काम अजून तिच्याकडेच आहे. त्यात आता वजन, भाव आणि मिरच्या किती, एवढंच असतं. यमक कधीमधी असतं, पण ते आधी काकूंना वाचून दाखवावं लागतं!

या आठवड्याचं काम: घरातलं मसाल्याचं, चिवड्याचं किंवा बिस्किटाचं कुठलंही एक पाकीट घ्या. त्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल विक्री किंमत, पॅकिंगचा महिना, काय काय घातलंय त्याची यादी, शाकाहारी असेल तर हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्नसुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक सापडतो का बघा. मग त्याच पाकिटावर जाहिरातीचं असं एक वाक्य शोधा, ज्याबद्दल तुम्हाला विचारावंसं वाटतं, 'हे कुठून कळलं?' ते वाक्य आणि तुमचा प्रश्न एका कागदावर लिहून माझ्याकडे पाठवा. नाव आणि इयत्ता लिहायला विसरू नका. गेल्या खेपेला चार पत्रं बिननावाची आली होती, आणि त्यातलं एक फारच सुंदर होतं.